खोक्यातला पाला

मालनच्या घरी गेलेल्या माणसाला बसायला जागा शोधावी लागायची. रत्नागिरीत नाचणे रोडवर दुसऱ्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट, त्यातला हॉल एवढासा, आणि त्या हॉलमध्ये खिडकीपासून टीव्हीपर्यंत पांढऱ्या थर्माकोलच्या खोक्यांची रांग. मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळी बर्फात घालून बाहेरगावी पाठवतात ना, तीच खोकी. मालनने ती मागून आणली, सोडा घालून घासली, बुडाला भोकं पाडली आणि गावाकडची तांबडी माती नि नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या सालीचा, भुसा कालवून गळ्यापर्यंत भरली. पहिले कितीतरी दिवस हॉलमध्ये बांगड्याचा वास सुटला होता, आणि तिचे यजमान सहदेव जेवताना म्हणायचे, "माठाची भाजी खातोय का बांगडा, तेच समजत नाय."

कठड्यावर कुंड्या ठेवायला सोसायटीची बंदी होती. कुणाची तरी कुंडी खाली उभ्या असलेल्या स्कूटरवर पडली आणि तेव्हापासून नोटीस लागली. मालन नोटीस वाचून म्हणाली, बंदी कठड्याला आहे, हॉलला नाही. खिडकीशी तांबडा माठ, त्याच्या मागे मेथी आणि मुळा, कोपऱ्यात ओव्याची पानं, गवती चहा, पुदिना, कोरफड, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी एक अडुळसा. पावसाळ्यात ऊन पुरेना, म्हणून मुलाने, प्रज्ञेशने, मुंबईहून झाडांसाठीच्या दिव्यांच्या पट्ट्या आणून भिंतीला ठोकून दिल्या. संध्याकाळी खालून जाणाऱ्याला ती खिडकी जांभळी दिसायची. नवीन भाडेकरू हमखास विचारायचा की वर काय चालतं.

वर काय चालायचं हे बिल्डिंगमधल्या बायकांना चांगलं ठाऊक होतं. पोराला खोकला झाला की ओव्याची पानं, तव्याचा चटका बसला की कोरफड, कुणाच्या घशात खवखव की गवती चहाच्या दोन काड्या. मालन पानं स्वतः खुडून द्यायची, कुणाला हात लावू द्यायची नाही, आणि देताना चार शब्द सुनवायची. "पोराला रोज वेफर्स चारतेस, मग खोकला नाय तर काय होणार?" बायका हसून ऐकून घ्यायच्या, कारण पाला फुकट होता आणि मालनचं बहुधा बरोबर असायचं. आपलं बरोबर असतं याची मालनलाही इतकी सवय झाली होती की दुसरं काही असू शकतं हे तिच्या मनात येत नसे.

पण ही सगळी खटपट काही बिल्डिंगसाठी नव्हती. ती सहदेवांसाठी होती. पोफळीच्या वीजकेंद्रात क्लार्क म्हणून त्यांची नोकरी सरली, लांज्याजवळच्या गावी घर दुरुस्त करून दोघं राहायला गेली, आणि वर्षाच्या आत त्यांच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. लांज्याहून एसटीने रत्नागिरी आणि परत, अंगात त्राण उरायचं नाही, म्हणून गावच्या घराला कुलूप लावून दोघं इथे आली. सगळं पथ्याचं होऊन बसलं. पाणी मोजून, मीठ बेताचं. केळं नाही, शहाळं नाही, काढे नाहीत, कोरफडीचा रस नाही. दारात एवढी औषधी झाडं आणि नवऱ्याला त्यातलं एक पान चालत नाही, याचं मालनला फार लागायचं.

पालेभाजी तेवढी चालत होती, तीही थोडी आणि एका अटीवर. डॉक्टरांनी समजावलं होतं की यांच्या रक्तात पोटॅशियम साठतं, मशीन ते काढतं, पण जास्त झालं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून पाला बारीक चिरायचा, कोमट पाण्यात भिजवायचा, मग भरपूर पाण्यात उकळायचा आणि पाणी काढून नुसता पाला परतायचा. मालनने ते सगळं जिवापाड पाळलं. बाजारची भाजी तिने घरात येऊ दिली नाही. स्वतःच्या खोक्यातला माठ खुडायची, धुवायची, भिजवायची, उकळायची, आणि चाळणीत घालून असा पिळायची की त्यात थेंब राहत नसे. उकळलं की पोटॅशियम मरतं, असं तिने मनाशी धरलं होतं. विहिरीच्या पाण्यातले जंतू मरतात तसं.

आणि भाकरी. सहदेवांना तांदळाची भाकरी चालत होती. मालनची भाकरी उकडीची, म्हणजे उकळत्या पाण्यात पीठ घालून, ते वाफवून, मळून थापलेली. माठ असला की ती फिकट गुलाबी व्हायची. मालनच्या माहेरी तशीच करत. सड्यावरचं, उघड्या कातळावरचं गाव, उन्हाळ्यात पाणी लांबून आणायचं, तिथे पाल्याचं पाणी कोण फेकणार? पोफळीच्या क्वार्टरमध्ये प्रज्ञेश लहान असताना तो गुलाबी भाकरीसाठी हट्ट धरायचा. सहदेवांनी तर लग्न झाल्यापासून तीच खाल्ली होती. त्या घरात भाकरीचा रंग हा बोलण्याचा विषयच नव्हता.

दिव्यांच्या उजेडात माठ फोफावला आणि भाजी रोजची झाली. पावसाळा सरता सरता रिपोर्ट बिघडायला लागले. पोटॅशियम वर. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेर काही खाता का? शहाळं वगैरे?" सहदेव म्हणाले, नाही. पुढच्या वेळी पुन्हा वर, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. डॉक्टर मालनकडे वळले.

"भाजी सांगितली तशीच करता ना, काकू?"

"भाजीत थेंब ठेवत नाय डॉक्टर," मालन म्हणाली, आणि ते खरं होतं.

डॉक्टरांनी मान हलवली. "मग हे कुठेतरी खातायत. सगळेच पेशंट खातात. तुम्ही लक्ष ठेवा."

लक्ष ठेवणं हे मालनला कुणी शिकवावं लागत नव्हतं. संध्याकाळी सहदेव कोपऱ्यावर पाय मोकळे करायला जायचे, ती खिडकीत माठाच्या खोक्यामागे उभी राहायची. ते घरी आले की शर्ट धुवायच्या निमित्ताने खिसे चाचपायची. त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. सहदेवांना हे कळत होतं. पहिल्यांदा ते हसले, मग नुसते बघायला लागले, मग बघायचेही थांबले.

एके दिवशी ती कोपऱ्यावरच्या शहाळीवाल्या रघूकडे गेली आणि चार गिऱ्हाइकांदेखत तिने विचारलं, "आमचे हे तुज्याकडे येऊन पितात काय रे?"

"नाय काकी," रघू गोंधळून म्हणाला. "ते फकस्त बसतात बाकड्यावर. मी एकदा देत होतो फुकट, तर नको म्हणाले."

मालनने घरी येता येता ठरवून टाकलं की हा खोटं बोलतोय. गिऱ्हाईक कोण तोडतो?

रघूने सहदेवांना सांगायचं ते सांगितलंच. त्या संध्याकाळी ते जिना चढून आले ते तसेच खुर्चीवर बसले. दम खाऊन झाल्यावर म्हणाले, "तू रघूकडे गेली होतीस?"

"गेले होते. तुमी सांगत नाय, मग दुसऱ्याला विचारू नको?"

"मी सांगतोय तुला. काय प्यालो नाय, काय खाल्लं नाय. तू वाढतेस तेवढंच खातो."

"मग रिपोर्ट खोटा?"

"रिपोर्ट खोटा नसेल. पण मी पण खोटा नाय."

"दोनी खरं कसं असेल हो? मला काय येडी समजलात? मी सकाळपासून पाला चिरते, धुते, उकळते, हाताची सालं निघाली. कशासाठी करते? तुमी जगावं म्हणून करते ना? आणि तुमाला जीभ आवरत नाय!"

ती रडत होती, आणि रडताना तिला खरोखर भीती वाटत होती. हा माणूस गेला तर आपण या खोक्यांचं काय करायचं, असलं काहीतरी वेडंवाकडं तिच्या मनात येत होतं. सहदेवांनी तिच्याकडे पाहिलं. ते थकले होते.

"बरं," ते म्हणाले. "प्यालो."

"काय?"

"शहाळं. स्टँडाकडे. रघूकडे नाय. आता नाय पिणार. रडू नको."

मालनला राग आला नाही. उलट हायसं वाटलं. सापडलं होतं कारण. आता ते बंद केलं की झालं. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "आधी सांगितलं असतंत तर एवढं झालं असतं काय?" आणि त्यांच्यासाठी अर्धा कप चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी ओव्याची पानं न्यायला आलेल्या शेजारणीला तिने सांगूनही टाकलं. सापडले एकदाचे, स्टँडाकडे जाऊन प्यायचे.

रोज दिवेलागणीला दोघं बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे बसून त्रिशरण-पंचशील म्हणायची. त्या दिवशी चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, सहदेवांचा आवाज थांबला. मालनने एकटीने ते पुरं केलं, पाचव्याला ते पुन्हा सुरू झाले. तिला वाटलं, दम लागला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आजारी माणूस, कुठेतरी दम लागायचाच, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

रिपोर्ट खाली आला नाही. मालनने पुन्हा तोंड सोडलं, सहदेवांनी या वेळी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. ते जेवताना खाली बघून जेवत. भाकरी अर्धी ठेवली की मालन म्हणायची, "खा ती. अंगात ताकद कुठून येणार?" आणि ते खायचे.

मग एका सकाळी पलंगावरून उठताना त्यांचे पायच उचलेनात. उभे राहिले आणि तसेच खाली बसले. "पायात जीव नाय गो," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातही नव्हता. शेजारच्यांनी उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात छातीला वायरी लावल्या, हातात सुई टोचली, धावत मशीन सुरू केलं. मालन बाहेर भिंतीला टेकून उभी होती. कितीतरी वेळाने डॉक्टर आले.

"थोडक्यात वाचले, काकू. हृदय थांबायच्या बेतात होतं. ते काय खातात ते आता शोधा. पुढच्या वेळी आमच्या हातात काही राहणार नाही."

मालन आत गेली. डायलिसिसच्या खोलीत चार पलंग, चारही भरलेले. पलीकडच्या पलंगावर मिरकरवाड्याचा दादू, सहदेवांच्याच वारी येणारा. आजूबाजूला कोण आहे हे मालनने पाहिलं नाही.

"जगायचं नाय का तुमाला?" ती म्हणाली. "नसेल जगायचं तर सांगा सरळ. माजा जीव कशाला घेता? जिभेपायी मरायला निघालात, लाज वाटत नाय या वयात?"

दादूने तोंड फिरवलं. नर्स म्हणाली, काकू, हळू. सहदेवांच्या हाताला दोन नळ्या होत्या, त्यामुळे त्यांना कुशीवर वळता येत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. बस, तेवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी सून आली. दीप्ती ठाण्याला एका शाळेत शिकवायची, सासूच्या तोंडाला तोंड न देता तिचं ऐकून घेणारी. आल्या आल्या तिने साडीचा पदर खोचला आणि म्हणाली, आई, तुम्ही बसा, बाबांचा डबा मी करते. मालन बसणारी नव्हती. दीप्तीने माठ खुडला, चिरला, भिजवला, उकळला. मालन शेजारच्या शेगडीपाशी तांदळाचं पीठ मापून घेत होती. दीप्तीने चाळणीत भाजी गाळली आणि लालभडक पाण्याचं पातेलं उचलून सिंककडे वळली.

"अगो, टाकतेस काय ते?" मालन ओरडली. "आण इकडे. उकडीला हवं."

दीप्ती थांबली. "उकडीला? बाबांच्या भाकरीच्या?"

"मग कोणाच्या? रोज करते तशीच."

"रोज?" दीप्तीने पातेलं ओट्यावर ठेवलं. "आई, पोटॅशियम या पाण्यातच उतरतं ना. म्हणून तर ते फेकायला सांगतात."

"उकळल्यावर मरतं ते."

"ते जंतू, आई. हे मिठासारखं असतं. मीठ उकळून मरतं का? पाण्यातच राहतं."

मालनने पातेल्यात बघितलं. पाणी चांगलं होतं, स्वच्छ, लाल, वाफाळतं. तिच्या स्वतःच्या खोक्यातल्या माठाचं. हेच पाणी तिने पिठात ओतलं होतं, भाकऱ्या थापल्या होत्या, ताटात वाढल्या होत्या, आणि अर्धी राहिली तर खा म्हणून मागे लागली होती. भाजीतलं विष थेंब थेंब पिळून काढलं आणि भाकरीत घालून दिलं.

मग तिला दुसरी गोष्ट कळली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. शहाळं कुठे होतं मग? स्टँडाकडे ते गेलेच कधी? जिना चढताना ज्यांना दोनदा थांबावं लागतं ते स्टँडापर्यंत जातील कसे? हा साधा हिशेब तिने केला नव्हता. रिपोर्ट खरा होता आणि माणूसही खरा होता. चौथ्या शीलाला ते का थांबत होते, तेही आत्ता तिला समजलं. दम लागत नव्हता.

दीप्तीने तिला खुर्चीवर बसवलं. ती हुशार मुलगी होती, आणि प्रेमळही. तिने पातेलं सिंकमध्ये ओतलं, नळ सोडला आणि मग हळूच म्हणाली, "आई, हे कोणाला सांगायची गरज नाही. आजपासून साध्या पाण्याची भाकरी करू. रिपोर्ट आपोआप खाली येईल. सगळ्यांना वाटेल बाबांनी बाहेरचं सोडलं. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

मालनने उठून साध्या पाण्याची उकड काढली. पीठ मळताना, थापताना, भाकरी फिरवताना तिच्या मनात दीप्तीचं बोलणं फिरत होतं, आणि ते सोपं होतं यात शंका नाही. काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या असत्या, मालनताईंनी नवऱ्याला वळणावर आणलं. पानं न्यायला त्या येतच राहिल्या असत्या. सहदेव स्वतः काही बोलले नसते, कारण ते आधीच कबूल करून बसले होते. आयुष्यभर ते शहाळं त्यांच्या नावावर राहिलं असतं आणि मालन रोज त्यांच्या शेजारी बसून पंचशील म्हणत राहिली असती.

दुपारी ती डबा घेऊन दवाखान्यात गेली. सहदेवांना पुन्हा मशीनवर घेतलं होतं. चारही पलंगांवर माणसं होती, दादूही तपासणीला आला होता. डॉक्टर फेरीवर होते. मालनला बघून ते म्हणाले, "काय काकू, सापडलं का काही?"

इथेही तिला नाही म्हणता आलं असतं.

"सापडलं," मालन म्हणाली. तिने आवाज मुद्दाम मोठा केला. काल ज्यांनी ऐकलं होतं त्यांना आजही ऐकू जायला हवं होतं. "यांनी काय खाल्लं नाय बाहेर. शहाळं पण नाय प्यालेत. मीच घालत होते. पाल्याचं उकळलेलं पाणी भाकरीच्या उकडीला वापरत होते. भाजीतून काढायचं आणि भाकरीत घालायचं. रोज. मला वाटलं, उकळलं की मरतं. यांचा काय दोष नाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरं झालं कळलं," ते म्हणाले. "मला भाकरीचं विचारायला सुचलं नाही. थोडे दिवस पालेभाजी बंदच ठेवू." आणि ते पुढच्या पलंगाकडे गेले.

मालन स्टुलावर बसली. सहदेव छताकडे बघत होते. ते आता हसतील, नाहीतर 'जाऊ दे गो' म्हणतील, असं तिला वाटत होतं. आजवर प्रत्येक भांडणात ते शेवटी तेच म्हणत आले होते. ते म्हणाले नाहीत.

"खरं सांगत होतो तेव्हा तुला पटलं नाय," ते छताकडे बघतच म्हणाले. "रोज सांगत होतो. आणि एकदाच खोटं बोललो, ते लगेच पटलं. इतक्या वर्षांच्या संसारात तुला मी असा वाटलो, मालन?"

मालनकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. आताही दोन-चार होती. मी घाबरले होते. डॉक्टरच तसं म्हणाले. तुमीच कबूल केलात. सगळी खरी होती, आणि त्यातलं एकही तिच्या तोंडातून निघेना.

"होय," ती म्हणाली. "वाटलात."

सहदेवांनी मान तिच्याकडे वळवली. ते रागावलेले दिसत नव्हते, पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी मिटलं होतं. मशीन संपलं, नर्सने सुया काढल्या, हाताला पट्टी बांधली आणि आता जेवायला हरकत नाही म्हणून सांगून गेली.

मालनने डबा उघडला आणि भाकरी त्यांच्या हातात दिली. सहदेवांनी ती लगेच तोंडात घातली नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तिच्या हातची भाकरी उलटून पाहिली, मग उजेडाकडे धरून पुन्हा एकदा पाहिली. त्यांचं बघून होईपर्यंत मालन डब्याचं झाकण मांडीवर घेऊन थांबली.